जोड कोठे तुटतो? : ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगवरील संशोधनलेखनाची चिकित्सा

१

ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे वेल्डिंग करताना यंत्राची कोणती मांडणी ठेवावी म्हणजे सांधा अधिकाधिक मजबूत होईल, या प्रश्नावर गेल्या काही दशकांत विपुल संशोधनलेखन झाले आहे. विद्युत् प्रवाह, विद्युत् दाब, चालीचा वेग, आच्छादक वायूचा ओघ अशा चार-पाच गोष्टी कमीअधिक करावयाच्या, प्रत्येक मांडणीने जोडलेल्या पट्ट्या ताणयंत्रात तुटेपर्यंत ओढावयाच्या, आणि ज्या मांडणीची पट्टी सर्वांत अधिक भार सोसून तुटली ती मांडणी सर्वोत्तम ठरवावयाची, असा या लेखनाचा सर्वसाधारण क्रम आहे. हे लेखन बहुतांशी इंग्रजीत असते. तथापि त्याचे सार प्रशिक्षणाच्या पुस्तिकांतून, वर्गातील सांगण्यातून आणि कारखान्यातील तोंडी सूचनांतून मराठीत उतरते, आणि ज्याच्या हाती प्रत्यक्ष वेल्डिंगची बंदूक असते त्याच्यापर्यंत ते याच रूपात पोहोचते.

अशा यंत्रविषयक प्रश्नात भाषाशास्त्राने का पडावे, अशी शंका संभवते. तिचे उत्तर असे की, या लेखनातील प्रयोग पुष्कळदा काळजीपूर्वक केलेले असतात. त्यांचा निष्कर्ष ज्या वाक्यात बांधला जातो ते वाक्य मात्र सदोष असते, आणि प्रयोगशाळेबाहेर जाते ते वाक्यच. त्या वाक्याचा साचा पुढीलप्रमाणे सांगता येईल: ‘प्रवाह १५० अँपिअर व चालीचा वेग मिनिटास २०० मिलिमीटर ठेवला असता सांध्याची मजबुती महत्तम होते.’ हे वाक्य कोणा एका लेखकाचे नव्हे. या जातीच्या लेखनाचा नमुना म्हणून ते येथे घडविले आहे. त्याची फोड करून पाहिली असता तीन गोष्टी ध्यानात येतात. ‘ठेवला असता’ या रचनेमुळे यंत्रावरील आकडा आणि सांध्याचे बळ यांत कारण व कार्य असा थेट संबंध आहे, मध्ये काहीच नाही, असे भासते. ‘होते’ हे रीतिवर्तमानाचे रूप असल्यामुळे एकदा, एका ठिकाणी, एका पत्र्याबाबत घडलेली गोष्ट सर्वकाळ घडणारी ठरते. आणि ‘सांध्याची मजबुती’ या षष्ठीमुळे मजबुती हा सांध्याचा एकसंध गुण आहे, असे गृहीत धरले जाते. ही तिन्ही गृहीते कितपत टिकतात, हे ॲल्युमिनियमच्या प्रत्यक्ष वर्तनाशी ताडून पाहिले पाहिजे.

२

प्रथम यंत्रावरील आकड्यांचा विचार करू. टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने व आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली वेल्डिंग चालले आहे, प्रवाह १५० अँपिअर, दाब १४ व्होल्ट आणि वेग मिनिटास २०० मिलिमीटर आहे, असे समजा. प्रवाह व दाब यांचा गुणाकार म्हणजे सेकंदास २,१०० जूल. त्याला सेकंदास होणाऱ्या चालीने भागले असता शिवणीच्या दर मिलिमीटरला ६३० जूल उष्णता येते. आता प्रवाह १२० अँपिअरवर आणला आणि वेग मिनिटास १६० मिलिमीटर केला, तर भागाकार पुन्हा ६३० जूलच येतो. यंत्रावरील दोन्ही आकडे बदलले, परंतु धातूला दर मिलिमीटरला मिळणारी उष्णता तीच राहिली. दोन्ही शिवणी सर्वथा सारख्या होतील असे नव्हे; अधिक प्रवाहाची प्रज्योत अधिक खोल शिरते, आणि उष्णतेतील काही भाग धातूपर्यंत न पोहोचता बाहेर जातो, तो भागही प्रत्येक पद्धतीत निराळा असतो. तरीही एवढे स्पष्ट आहे की, प्रवाह हे स्वतंत्र कारण नव्हे. तो, दाब आणि वेग हे तिघे मिळून एका चौथ्या गोष्टीला जन्म देतात, आणि धातूला कळते ती ही चौथी गोष्ट. नमुना-वाक्यात तिचे नावही येत नाही.

ही उष्णताही पत्र्यात जेथल्या तेथे राहत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या चार-पाच पट त्वरेने उष्णता वाहून नेते. म्हणून पत्र्याची जाडी, त्याखाली धरलेली तांब्याची पट्टी, त्याला आवळणारे शिकंजे, आधीच्या शिवणीने तो किती तापला आहे, या सर्वांवर त्याच ६३० जुलांचा परिणाम अवलंबून राहतो. एका प्रयोगशाळेतील १५० अँपिअर दुसऱ्या कारखान्यात जाताना तेच राहतात. त्यांचा अर्थ मात्र बदलतो.

यंत्राची मांडणी निरर्थक आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. काही आकडे सांध्याचे जीवनमरण ठरवितात. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या पृष्ठावर हवेने आपोआप धरलेली ऑक्साइडची साय २,००० अंशांच्याही वर गेल्याखेरीज वितळत नाही. धातू आत पाणी झालेला आणि वर साय तशीच, अशा स्थितीत दोन पत्रे एकमेकांस टेकतात पण एक होत नाहीत. यावर उपाय म्हणून टंगस्टन इलेक्ट्रोडने ॲल्युमिनियम जोडताना सामान्यतः प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. इलेक्ट्रोड धन असतानाच्या अंशात साय फुटून निघते, तो ऋण असतानाच्या अंशात कामावर अधिक उष्णता उतरते. आजच्या यंत्रांत या दोन अंशांचे प्रमाण बदलता येते. ते चुकले तर एकीकडे साय शिवणीत गाडली जाते, दुसरीकडे इलेक्ट्रोडच वितळू लागतो. तसेच वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो आणि धातू थिजताच त्याला जागा उरत नाही. पत्र्यावरील ओल, तेल किंवा सळईवरील दमट थर यांतून आलेला हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकून शिवण सच्छिद्र होते. वायूचा ओघ व चालीचा वेग यांचा येथे संबंध पोहोचतो. पण पत्रा पुसून कोरडा करण्याचा संबंध त्याहून अधिक पोहोचतो, आणि त्यासाठी यंत्रावर कोणतीही कळ नाही.

३

आता ‘मजबुती’कडे वळू. बोलभाषेत ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणण्याचा प्रघात आहे; सर्व भांड्यांना हे एकच नाव चालते, कारण स्वयंपाकघरात त्यांच्यातील फरकाचे प्रयोजन पडत नाही. संशोधनलेखनात मथळ्यातील ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द पुष्कळदा असेच काम करतो. पण गाडीचा सांगाडा, बोटीचा तळ आणि विमानाचा पंख ज्या धातूंचे होतात ते निरनिराळे मिश्रधातू आहेत, आणि त्यांचे बळ निरनिराळ्या मार्गांनी आलेले असते.

हा भेद कळण्यासाठी १९०६ सालापर्यंत मागे जावे लागते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेट विल्म यांना त्या वर्षी असे आढळले की, तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडविले असता पोलादासारखे तत्काळ कठीण होत नाही. ते तसेच ठेवून दिले असता पुढील काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. आत काय घडते, त्याचे प्रत्यक्ष दर्शन १९३८ साली झाले. फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने, परस्परांपासून स्वतंत्रपणे, धातूच्या स्फटिकात मिश्रद्रव्याचे अतिसूक्ष्म पुंजके जमतात, हे दाखविले. हे पुंजके धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. धातूचे बळ ते हेच.

लोहाराच्या शब्दसंग्रहात पोलादासाठी ‘पाणी देणे’ आहे, आणि ते तेथे सार्थ आहे. पाणी दिल्याबरोबर पाते कठीण होते. ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूंना तो शब्दप्रयोग लावला की विद्यार्थी चुकीच्या जागी बळ शोधू लागतो, कारण येथे पाणी दिल्यानंतर धातू मऊच असतो. यासाठी परिभाषेत वय किंवा जरा या अर्थाच्या संस्कृत धातूंवरून शब्द घडविण्याकडे कल असतो. परंतु वय म्हणजे केवळ काळ लोटणे, आणि जरा म्हणजे तर ऱ्हास. येथे तर काळाबरोबर बळ वाढते. मराठीत ‘मुरणे’ हे क्रियापद यासाठी आयतेच उपलब्ध आहे. लोणचे मुरते म्हणजे वेळ लागतो, बाहेरून काही घालावे लागत नाही, आतल्या आत द्रव्ये जागा धरतात आणि इष्ट गुण येतो. शिवाय ऊब मिळाली तर ते लवकर मुरते, आणि प्रमाणाबाहेर मुरले तर मऊ पडते. ही सर्व लक्षणे धातूलाही लागू आहेत. ६०६१ हा मॅग्नेशियम व सिलिकन असलेला मिश्रधातू भट्टीत ठराविक तापमानाला ठराविक तास ठेवून पूर्ण मुरविला, म्हणजे त्याला टी-६ अवस्था म्हणतात. त्या अवस्थेत त्याचे ताणसामर्थ्य सुमारे ३१० मेगॅपास्कल असते. तोच धातू तापवून सावकाश निवविला तर सुमारे १२५ मेगॅपास्कल उरते. घटकद्रव्ये तीच, फरक केवळ मुरण्याचा.

आता या मुरलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची शिवण घातली की काय होते? शिवणीत धातू वितळतो आणि मुरलेपण पार पुसले जाते. शिवणीला लागून असलेल्या पट्ट्यात धातू वितळत नाही, परंतु इतका तापतो की आतील पुंजके काही ठिकाणी विरघळतात, तर काही ठिकाणी एकत्र येऊन मोठे व विरळ होतात; म्हणजे धातू अतिमुरलेला होतो. या पट्ट्याला ‘उष्णताबाधित पट्टा’ म्हणता येईल. ऊन बाधते, थंडी बाधते, त्याच अर्थाने येथे उष्णता बाधलेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंगातले बळ गेलेले असते. अमेरिकन रचना-संहितेत हा पट्टा शिवणीच्या दोन्ही बाजूंस २५ मिलिमीटर धरतात, आणि ६०६१-टी६ च्या वेल्ड केलेल्या जोडाकडून किमान १६५ मेगॅपास्कलचीच अपेक्षा करतात. याचा अर्थ निर्दोष शिवण घातल्यावरही मूळ पत्र्याचे जवळजवळ निम्मे बळ हिशेबातून वजा करावे लागते.

याउलट ५०८३ हा जहाजबांधणीत वापरला जाणारा मिश्रधातू घेतला, तर त्याचे बळ मुरण्यातून आलेले नसते. ते मुख्यतः स्फटिकात विरघळून राहिलेल्या मॅग्नेशियममुळे असते. त्याच्या जोडाची किमान अपेक्षा सुमारे २७५ मेगॅपास्कल आहे, आणि मऊ केलेल्या पत्र्याचे सर्वसामान्य सामर्थ्य सुमारे २९० मेगॅपास्कल. येथे गमावण्यासारखे फारसे नाही, म्हणून गमावलेही जात नाही. एकाच वेल्डरने, एकाच यंत्रावर, सारख्याच कौशल्याने हे दोन पत्रे जोडले तर एकाचा जोड मूळ पत्र्याच्या जवळपास पोहोचेल आणि दुसऱ्याचा निम्म्याच्या आसपास राहील. ‘मजबुती’ हा शब्द धातूच्या नावाशिवाय व अवस्थेशिवाय वापरला असता निष्कर्षाचे वाक्य अपुरे राहते, ते या कारणाने.

मुरण्याचा मुद्दा आणखी एका दिशेने पोहोचतो. शिवण निवल्यावर तिच्या आसपासचा काही धातू पुन्हा मुरू लागतो. युरोपीय रचना-संहिता बाधित पट्ट्याचे आकडे देताना अट घालते की, वेल्डिंगनंतर काम किमान १० अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेले असावे, आणि ते ६००० मालिकेच्या मिश्रधातूंसाठी निदान ३ दिवस, तर जस्त असलेल्या ७००० मालिकेसाठी निदान ३० दिवस. म्हणजे पट्टी कोणत्या दिवशी ओढली, यावरही तिचे बळ ठरते. चाचणीची तारीख यंत्राच्या मांडणीत मोडत नाही, म्हणून ती बहुधा लिहिलीच जात नाही.

४

वरील विवेचनावरून एक भेद स्पष्ट होतो, आणि या लेखनाचे मूल्यमापन त्या भेदावरच करावयास हवे. यंत्राच्या मांडणीचा सांध्याच्या बळाशी दोन निराळ्या प्रकारांनी संबंध येतो. पहिल्या प्रकारात मांडणी ठरविते की शिवण निर्दोष होईल की नाही: प्रवाह कमी पडला तर मूळ धातू एकजीव होत नाही, फार झाला तर पत्रा वितळून भोक पडते, वेग अतिशय वाढला तर शिवण अरुंद व तुटक होते. या प्रदेशात आकडा थोडा हलला तरी बळ पुष्कळ हलते. दुसऱ्या प्रकारात शिवण निर्दोष झालेली आहे, आणि मग बळाची कमाल मर्यादा बाधित पट्टा ठरवितो. येथे कमी उष्णतेने, त्वरेने केलेली शिवण पट्टा अरुंद ठेवते आणि काही लाभ देते. परंतु मिश्रधातू व त्याची अवस्था यांनी घातलेली मर्यादा कोणत्याही कळीने ओलांडता येत नाही. ती ओलांडावयाची तर पत्रा पूर्ण मुरण्याआधीच जोडून नंतर सबंध काम भट्टीत मुरविणे, किंवा जाडी वाढविणे, किंवा सांध्याची जागाच कमी ताणाच्या भागी नेणे, असे यंत्राबाहेरचे उपाय करावे लागतात.

आता ‘सर्वोत्तम मांडणी’ने बळ दीडपट झाले, असे एखादा निबंध सांगतो तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते की, तुलनेसाठी घेतलेल्या मांडण्यांतील काही सदोष शिवणी देणाऱ्या होत्या, आणि उत्तम ठरलेली मांडणी त्या दोषांतून सुटलेली होती. ही माहिती उपयुक्त आहे. पण तिचे नाव ‘बळ वाढविणे’ असे नसून ‘दोष टाळणे’ असे आहे. दोन्हींना एकच क्रियापद लावल्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की, आणखी बारकाईने आकडे जुळविले तर बळ आणखी वाढत जाईल.

या लेखनात जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रयोगमांडणी वारंवार येते. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, असे सर्व मेळ करून पाहावयाचे तर ८१ प्रयोग लागतील. या मांडणीत ते ९ प्रयोगांत भागविले जातात. काटकसर म्हणून ही योजना प्रशंसनीय आहे, आणि कारखान्यात वेळ व पत्रा दोन्ही मोलाचे असतात हे विसरून चालणार नाही. परंतु काटकसरीची किंमत असते. चारही घटक भरले असता ९ प्रयोगांतून मिळणारी सर्व माहिती घटकांचे परिणाम सांगण्यातच खर्ची पडते. प्रयोगातील आकस्मिक चूक किती, हे मोजण्यास काही शिल्लक राहत नाही. शिवाय दोन घटकांचा परस्परांवर होणारा परिणाम वेगळा काढता येत नाही; आणि प्रवाह व वेग हे तर, वर पाहिल्याप्रमाणे, एकमेकांच्या संगतीनेच अर्थ धारण करणारे घटक आहेत.

याहून अधिक चिंत्य आहे ते ‘योगदान’ या शब्दाचे उपयोजन. अशा निबंधांच्या शेवटी प्रवाहाचे योगदान इतके टक्के, वेगाचे इतके टक्के, असे कोष्टक असते. वाचकाला वाटते की हा निसर्गाने केलेला वाटा आहे. वस्तुतः तो बव्हंशी प्रयोगकर्त्याने केलेल्या निवडीचा वाटा असतो. एखाद्या घटकाचा परिणाम सरळ रेषेत होत असेल, तर त्याच्या पायऱ्यांमधील अंतर दुप्पट करताच त्याच्या नावे जमा होणारी वर्गांची बेरीज चौपट होते. प्रवाहासाठी रुंद पल्ला घेतला आणि वेगासाठी अरुंद, तर प्रवाह प्रधान ठरेल. पल्ले उलटे घेतले तर वेग प्रधान ठरेल. धातूत काहीच बदललेले नसेल. ‘योगदान’ हा शब्द देणाऱ्याच्या इच्छेचा व सामर्थ्याचा सूचक आहे. येथे देणारा कोणी नाही, फक्त निवडलेले पल्ले आहेत, आणि ते कोष्टकाशेजारी लिहिल्यावाचून टक्केवारीला अर्थ येत नाही.

५

ही चिकित्सा केवळ प्रज्योतीच्या वेल्डिंगपुरती खरी आहे काय, हे एका वेगळ्या पद्धतीवर पारखून पाहता येते. १९९१ साली इंग्लंडमधील वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत एक नवी पद्धती शोधली गेली. हिच्यात प्रज्योत नाही, आच्छादक वायूची सहसा गरज नाही आणि धातू वितळतही नाही. खांदा व खुंटी असलेले एक फिरते हत्यार दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे नेतात. घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो, खुंटी त्याला घुसळते आणि दोन्ही बाजू एक होतात. मराठीत हिला ‘घर्षण-घुसळण जोड’ म्हटल्यास क्रिया डोळ्यांपुढे उभी राहते. वेल्डिंगसाठी ‘वितळजोड’ हा पारिभाषिक पर्याय मराठीत आढळतो. या पद्धतीपुढे तो अव्याप्त ठरतो. तसा तो आधीही अव्याप्तच होता, कारण लोहार ऐरणीवर दोन तापलेली लोखंडे ठोकून एक करतो तेव्हाही ती वितळलेली नसतात. कारखान्यात रुळलेला ‘वेल्डिंग’ हा परका शब्द या दोन्ही क्रियांना सहज सामावून घेतो, हे परिभाषाकारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

या पद्धतीत कळी बदलतात: प्रवाहाच्या जागी हत्याराचे फेरे, जोडीला चालीचा वेग व खाली दाबण्याचे बळ. फेरे फार कमी आणि चाल फार जलद झाली तर धातू पुरेसा मऊ होत नाही व शिवणीच्या पोटात बोगद्यासारखी पोकळी राहते. फेरे फार अधिक आणि चाल मंद झाली तर धातू खांद्याखालून बाहेर सांडतो व बाधित पट्टा रुंदावतो. धातू वितळत नसल्यामुळे थिजताना पडणाऱ्या भेगा टळतात, आणि म्हणूनच प्रज्योतीने जोडण्यास अयोग्य मानलेले २०२४ व ७०७५ हे विमानाचे मिश्रधातूही या रीतीने जोडता येतात. हा लाभ मोठा आहे. तरीही ६०६१-टी६ सारखा मुरलेला धातू घेतला तर येथेही शिवणीच्या आसपास त्याचे मुरलेपण बाधते. कमी प्रमाणात बाधते, पण बाधते. म्हणजे पद्धती बदलली, कळी बदलल्या, आणि दोन प्रदेशांचा भेद मात्र कायम राहिला: एका हद्दीपर्यंत मांडणी दोष टाळते, त्यापुढे धातूचा पूर्वेतिहास बळ ठरवितो.

६

आता प्रारंभीच्या वाक्यातील षष्ठीकडे पुन्हा यावे लागते. ताणयंत्रातील पट्टी तुटते ती तीनपैकी एका ठिकाणी: शिवणीत, शिवणीशेजारच्या बाधित पट्ट्यात, किंवा दूर मूळ पत्र्यात. मराठीत या तिन्ही घटनांना ‘वेल्ड तुटला’ असे एकच वाक्य लावण्याची सवय आहे. सप्तमीचा प्रत्यय आणि ‘शेजारी’ हे शब्दयोगी अव्यय भाषेत असूनही ‘वेल्डमध्ये तुटला’ आणि ‘वेल्डशेजारी तुटला’ हा भेद केला जात नाही. हा प्रमाद शब्दांचा असला तरी त्याची किंमत शब्दांत चुकती होत नाही.

समजा, ६०६१-टी६ चा जोड शिवणीतच तुटला आणि तुटलेल्या तोंडावर धातू एकजीव न झाल्याची खूण दिसली. येथे उष्णता कमी पडली आहे; प्रवाह वाढविणे किंवा चाल मंद करणे हा उपाय योग्य. आता समजा, तसाच जोड शिवणीपासून काही मिलिमीटर अंतरावर, बाधित पट्ट्यात तुटला. येथे शिवणीने आपले काम केले आहे. उष्णता कमी पडलेली नाही, झालीच असेल तर अधिक झाली आहे. येथे प्रवाह वाढविला तर पट्टा आणखी रुंदावेल आणि पुढचा जोड आणखी लवकर तुटेल. दोन घटनांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, आणि शेऱ्याच्या वहीत दोन्हींची नोंद एकच. असा शेरा वाचून वेल्डरला ‘प्रवाह वाढव’ म्हणून सांगितले जाते. तो वाढवितो, जोड पुन्हा तुटतो, आणि दोष त्याच्या हातावर येतो. त्याची शिवण चांगली होती, हे सांगण्यास त्या वहीत शब्दच नसतो.

हाच अव्यवस्थितपणा छापील कोष्टकांतही दिसतो. सांध्याची कार्यक्षमता ८० टक्के, असे लिहिले जाते. ८० टक्के कशाचे, मुरविलेल्या पत्र्याचे की मऊ केलेल्याचे, हे लिहिलेले नसते. जोड ताणताना किती टक्के लांबला, हे दिले जाते; पण मुरलेल्या मिश्रधातूंच्या जोडात लांबण जवळजवळ सर्व त्या अरुंद मऊ पट्ट्यातच होते, म्हणून ती ५० मिलिमीटर लांबीवर मोजली की अधिक लांबीवर, यावर आकडा पालटतो. शिवणीचा वर आलेला फुगवटा तासून काढला होता की ठेवला होता, हेही बहुधा अध्याहृत असते. फुगवटा ठेवला असता शिवण जाड होऊन तुटण्याची जागाच बदलू शकते.

तेव्हा या लेखनाकडून मागावयाचे ते अधिक प्रयोग नव्हेत. झालेल्या प्रयोगांचे पूर्ण वाक्य मागावयाचे. असे वाक्य काहीसे पुढीलप्रमाणे होईल: ‘६०६१ मिश्रधातूच्या टी-६ अवस्थेतील ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचा, ४०४३ जातीच्या सळईने केलेला जोड वेल्डिंगनंतर अमुक दिवसांनी ओढला असता अमुक भारास, शिवणीपासून अमुक अंतरावर, बाधित पट्ट्यात तुटला, प्रवाह, दाब व वेग यांवरून दर मिलिमीटरला अमुक जूल उष्णता दिली गेली होती.’ हे वाक्य लांब आहे आणि सूचनाफलकावर मावणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यातील क्रियापद ‘तुटला’ हे भूतकाळी आहे. ते घडलेले तेवढेच सांगते. ‘महत्तम होते’ हे रीतिवर्तमान वापरण्याचा अधिकार अनेक पत्र्यांवर, अनेक हातांनी, निरनिराळ्या दिवशी तसेच घडले म्हणजे मिळतो. सूचनाफलकावर थोडक्यात लिहावयाचेच असेल तर आकड्यांच्या आधी एक ओळ पुरेशी आहे: जोड तुटला तर कोठे तुटला ते प्रथम पाहा, आणि मगच कळीला हात लावा.